सत्तरचं एकाहत्तर

“वाघचौरे, तुमची सोजर बसत नाही,” मुख्याध्यापक भणगे सर म्हणाले आणि त्यांनी जनरल रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. “सात महिन्यांनी जास्त आहे.”

मी उभ्यानंच वाकून पाहिलं. सोजर गेनू पोपळघट. जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्तर. आकड्यात आणि खाली अक्षरात. अक्षर माझ्या बायकोचं होतं.

“जिल्ह्याला खेळली की सर ती.”

“जिल्ह्याला कुणी दाखला बघितला नाही. विभागाला बघतात. एक जानेवारी एकाहत्तरच्या आधी जन्मलेली पोरगी सोळा वर्षांखालच्या संघात चालत नाही. हे पत्रक आलंय. रजिस्टर बघून दाखल्यावर मी सही करायची आहे.”

“तिच्याशिवाय नाशिकला कुणाला नेऊ?”

“बाकीच्या नऊ जणींना न्या.”

“बाकीच्या नऊ जणी तिच्याकडं बॉल फेकायला आहेत सर.”

भणगे सर हसले. पण रजिस्टर मिटलं. “शुक्रवारी दुपारी मी सह्या करणार. दहा दाखले आणा, नाहीतर नऊ आणा. पत्रक घरी नेऊन वाचा.”

तो बुधवार होता. डिसेंबर एकोणीसशे शहाऐंशी. मी रांजणवाडीच्या जनता विद्यालयात खेळ शिकवायचो आणि माझी बायको मालन त्याच शाळेत पहिलीला शिकवायची. बालवर्गापासून दहावीपर्यंत एकच शाळा, एकच आवार, एकच रजिस्टर.

आमच्याकडे बास्केटबॉल कसा आला ते सांगतो. पंचायत समितीकडून दोन बोर्ड आणि चार बॉल आले. रिंगा आल्याच नाहीत. वर्षभर पत्रं लिहिली, मग मी एक बॉल उचलला आणि गेनू लोहाराच्या दुकानात गेलो. म्हणालो, याच्यासाठी दोन कड्या कर. त्यानं विचारलं, केवढ्या? मला माप माहीत नव्हतं. गेनूनं बॉल जमिनीवर ठेवला, भोवतीनं चार चार बोटं मोकळी सोडली आणि बैलगाडीच्या चाकांवरच्या जुन्या लोखंडी धावांच्या दोन कड्या करून दिल्या. बॉल जात होता, म्हणजे माप बरोबर आहे असं आम्ही दोघांनीही धरलं. पाच वर्षं पोरी त्या कड्यांवर खेळल्या, जिल्ह्याचे सामनेही आमच्याच आवारात झाले. कडी खरी केवढी असते ते आम्हाला नाशिकला कळलं.

सोजर त्याच गेनूची मुलगी. हात गुडघ्याला टेकायचे. वर्गात बाकावर मावायची नाही. आई आजारी होती तेव्हा तिचं एक वर्ष घरी गेलं होतं, म्हणून अजून दहावीत होती.

संध्याकाळी मी मालनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“सोजर? गेनूची?” ती म्हणाली. “अहो, ती माझीच चूक आहे.”

“म्हणजे?”

“शहात्तर साली गेनू दोघी बहिणींना घेऊन आला होता. थोरलीचं नाव घालायचं होतं. ही नुसती मागं लागून आलेली. गेनू म्हणाला, हिलाही घ्या बाई, घरी रडते. जन्मतारीख कुणाला माहीत होती? मी दोघींना डोक्यावरून कान धरायला लावला.”

तेव्हा तशीच पद्धत होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरला की ते सहा वर्षांचं झालं. कान हाताला लागला की बाई एक जून लिहायच्या आणि सहा वर्षं मागं मोजायच्या. आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला असायचा.

“थोरलीला कान लागेना,” मालन म्हणाली. “हिनं पटकन धरला. धाकटी ही! मी हसले, पण लिहिलं सहा. हात लांब होता हो तिचा. मी हात बघितला, पोर बघितली नाही.”

“मग खरी केवढी होती?”

“पाचसुद्धा पुरी नसेल.”

“म्हणजे ती बसते!” मी म्हणालो. “अगं, मग प्रश्नच मिटला. सत्तरचं एकाहत्तर कर. शून्याला एक शेपूट.”

“आणि अक्षरात लिहिलंय ते?”

“ब्लेडनं खरवड.”

तिनं ताट बाजूला ठेवलं. “रजिस्टर खरवडत नाहीत. चूक झाली तर वर नीट लिहून सही करतात, पुरावा जोडतात, मंजुरी आणतात.”

“मंजुरी येईस्तोवर सोजरला नातवंडं होतील.”

“होऊ देत.”

“तूच चुकवलंस ना? मग तूच दुरुस्त कर.”

“करणार आहे. पण तशी नाही.”

मी बरंच बोललो. पाच वर्षं मी त्या पोरींच्या मागं पळतोय, तुला एका रेघेचं जड झालं, असं म्हणालो. तुला त्या रजिस्टरचा गर्व आहे, असंही म्हणालो. ते खरं होतं. तिचं अक्षर असं होतं की शेजारच्या गावच्या शाळा उन्हाळ्यात तिला रजिस्टर लिहायला बोलवायच्या. पुढच्या जूनमध्ये प्राथमिक विभागाच्या मोकाशी बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी मालन मुख्याध्यापिका होणार हे संस्थेनं ठरवून टाकलं होतं. तिनं त्या खोलीसाठी पडद्याचं कापडही बघून ठेवलं होतं.

ती चिडली नाही. “ते पत्रक द्या बघू,” एवढंच म्हणाली. कंदिलाजवळ बसून तिनं ते पुढून वाचलं, मागून वाचलं. मी पुढचं पान वाचून ठेवून दिलं होतं.

गुरुवारी सकाळी सहालाच ती तयार होऊन उभी राहिली. हातात पिशवी.

“मी जाऊन येते. रजेचा अर्ज टेबलावर आहे, भणगे सरांना द्या. दोन दिवस लागतील. मी येईपर्यंत नाशिकला द्यायच्या फॉर्मचं काही करू नका.”

मी कुठं म्हणून विचारलं नाही. तिचा भाऊ राहुरीला होता. माझ्यावर रागावली की ती तिकडं जायची आणि दोन दिवसांनी हसत यायची. मला वाटलं, तसंच आहे.

“ऐकलंत ना? करू नका काही.”

“बरं,” मी म्हणालो.

त्या दिवशी संध्याकाळी पोरींचा सराव घेतला. सोजर बोर्डाखाली उभी राहून एकामागून एक बॉल टाकत होती. बेबी ढवळे, आमची कॅप्टन, तिला ओरडत होती, “सोजे, जरा आम्हालाबी उडी मारू दे की! तू नुसती हात वर करतीस, आम्ही बेडकासारखं उड्या मारतोय.” सोजर म्हणाली, “तू बेडूक हायेसच.” सगळ्या हसल्या. मग सोजर माझ्याकडे आली. “सर, नाशिकला किती लोक असत्यात बघायला? आण्णा विचारत होता. त्याला यायचंय.” गेनूला ती आण्णा म्हणायची. मी म्हणालो, बघू.

पोरी गेल्या. मी घरी आलो. शाळेतल्या रजिस्टरच्या कपाटाची किल्ली खिळ्याला होती. मालननं ती कधी लपवली नाही, लपवायचं कारणच नव्हतं. मी परत शाळेत गेलो. शिपाई वर्ग झाडत होता. त्याला म्हणालो, बाईंनी रजिस्टरमधलं एक बघायला सांगितलंय.

आकड्याला एक क्षण लागला. शून्याला शेपूट काढलं की एक झाला. अक्षराला अर्धा तास लागला. मी तिच्याच टेबलावर बसलो होतो, तिचंच पेन, तिचीच शाई. सत्तर खरवडलं, नखानं कागद घासून गुळगुळीत केला आणि एकाहत्तर लिहिलं. तिच्यासारखं वळण काढायला मी मागच्या पानावरून तिचा ए बघून घेतला. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

शुक्रवारी भणगे सर रजिस्टर घेऊन खिडकीपाशी गेले. पान उजेडाला धरलं.

“परवा मी सत्तर वाचलं होतं.”

“चष्मा सर.”

“हे कुणी केलंय?”

आता मागं वळून बघतो तेव्हा सगळं इथं येऊन थांबतं. मी म्हणू शकलो असतो, मी केलं. ते रागावले असते, नऊ दाखले दिले असते, आणि सगळं तिथंच संपलं असतं. मी म्हणालो, “बाईंनीच. प्रवेशाच्या वेळी लिहिताना चुकलं असेल, तेव्हाच दुरुस्त केलेलं दिसतंय.”

“बाई खाडाखोड करत नाहीत.”

“एखाद्या वेळी होते सर.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सही केली. त्यांनाही नाशिक हवं होतं. गावाला हवं होतं.

दुपारच्या एसटीनं आम्ही निघालो. मालन आली नव्हती. शनिवारी सकाळी आठला मी मैदानावरच्या टेबलाशी फॉर्म आणि दहा दाखले दिले. तिथल्या माणसानं शिक्का मारला. मी पोरींना कोर्टावर घेऊन आलो आणि बेबीनं वर बघून विचारलं, “सर, ही रिंग हाय का परात?”

मी वर बघितलं. आमच्या कडीच्या सव्वापट होती.

“ह्यात तर आमची आजीबी टाकील,” बेबी म्हणाली.

“टाका मग,” मी म्हणालो.

दहाच्या सुमाराला मालन मैदानाच्या फाटकातून आत आली. साडी चुरगळलेली, पायांवर धूळ, चपलेचा अंगठा तुटलेला. मॅचेसना ती कधी येत नसे. मला आनंद झाला. वाटलं, राग गेला.

“राहुरीहून आलीस?”

ती म्हणाली, “फॉर्म दिलात?”

“दिला.”

“सोजरचा?”

“दिला. झालं सगळं. एकाहत्तर.”

“कोणती तारीख घातलीत?”

“एक जूनच. वर्ष तेवढं बदललं.”

“रजिस्टरला?”

“हो. नाहीतर भणगे सरांनी सही केली नसती.”

“त्यांना काय सांगितलंत?”

मी इकडंतिकडं बघितलं. “तूच त्या वेळी दुरुस्त केलं होतंस, असं.”

आवाज चढवेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, “पोरींनी काही खाल्लंय का?” आणि त्यांच्याकडे गेली. सोजर तिला बघून ओरडली, “बाई! बाई आल्या!” आणि पळत येऊन तिच्या पाया पडली. मालननं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिची वेणी परत घट्ट घालून दिली.

शनिवारची मॅच आम्ही सोळा गुणांनी जिंकलो. रविवारी सकाळी अंतिम सामना शहरातल्या एका कॉन्व्हेंटशी होता. त्या पोरी बुटांत, एकसारख्या निळ्या कपड्यांत. आमच्या पोरींचे पांढरे शर्ट भावांचे होते. त्यांच्यातली एक सोजरकडे बघून मैत्रिणीला म्हणाली, “ही यांची पोरगी आहे की यांच्या पोरीची आई?” बेबीनं ऐकलं. “आईच हाय,” ती म्हणाली, “आता तुला जेवू घालती बघ.”

त्या फार चांगल्या खेळत होत्या. त्यांचं ड्रिबलिंग बघून मीच थोडा वेळ बघत उभा राहिलो. पहिल्या अर्ध्यात आम्ही नऊ गुणांनी मागं होतो. मध्यंतरात पोरी गप्प बसल्या होत्या. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालन पाण्याची कळशी घेऊन आली. सोजरला म्हणाली, “तुला कान धरता येतो ना गं अजून?” सोजर हसली. तिला ती गोष्ट घरी हजारदा सांगितलेली असणार. तिनं डोक्यावरून हात टाकला, तो कान ओलांडून गालापर्यंत आला. पोरी हसायला लागल्या. “मग तो हात वर ठेव,” मालन म्हणाली. “बाकीचं सर सांगतील.”

सरांकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात आमचे बॉल जायला लागले. लांबून, बाजूनं, कुठूनही. बारक्या कडीवर शिकलेल्या पोरींना ती रिंग चुकवणंच अवघड होतं. त्यांच्या सरांनी सोजरवर दोघी लावल्या, मग तिघी. तेव्हा बाकीच्या मोकळ्या सुटल्या. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा आम्ही एकतीस, त्या बत्तीस. बॉल बेबीकडे. ती डावीकडून आत घुसली, अडली, पडता पडता बॉल वर उंच फेकला. तो पास होता की नुसती फेक, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. सोजरनं तिघींच्या डोक्यांवरून एका हातानं तो धरला आणि उडी न मारता रिंगमध्ये ठेवला. टाकला नाही, ठेवला.

तेहतीस-बत्तीस. शिट्टी.

गेनू आला होता. तो मैदानात पळत सुटला आणि लेकीऐवजी रिंगच्या खांबाला जाऊन मिठी मारली. पोरी रडत होत्या, एकमेकींवर पडत होत्या. मला कुणीतरी खांद्यावर घेतलं. माझ्या आयुष्यात तसा दिवस परत आला नाही. मी वरून मालनला शोधत होतो. ती कोर्टाबाहेर पोरींच्या चपला गोळा करत होती. फोटोला बोलावलं तर म्हणाली, “नको, तुम्ही घ्या.”

जानेवारीत चौकशी लागली. त्या कॉन्व्हेंटनं सोजरच्या वयावर हरकत घेतली होती. जिल्हा परिषदेतून कुलथे नावाचे अधिकारी येणार होते. ज्या दिवशी ते येणार त्या सकाळी मालन भाकऱ्या थापत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसलो.

“मी सांगून टाकतो,” मी म्हणालो.

“काय?”

“मी केलं म्हणून.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. “तुम्ही बोललात तर रजिस्टर खोटं ठरतं. रजिस्टर खोटं ठरलं की सोजर सत्तरची. जिंकलेली ढाल जाईल. दहा पोरी आहेत त्या. सोजरचं नाव रेल्वेच्या संघाच्या सरांनी नाशिकला विचारून नेलंय. तेही जाईल.”

“मग काय करायचं?”

“मी सांगेन. लिहिताना चुकले, तेव्हाच खरवडलं, सही करायची राहिली. तुम्ही तसंच सांगितलंय ना भणगे सरांना? मग तेच राहू दे.”

“आणि तू?”

“माझं काय. ताकीद देतील.”

“आणि जूनचं?”

“जूनचं जूनमध्ये बघू.” भाकरी फुगली, तिनं ती उतरवली. “तुम्ही गप्प बसा. पोरींसाठी गप्प बसा.”

मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मला एक चांगलं कारण मिळालं होतं.

कुलथे साहेब वयस्कर, शांत माणूस होते. त्यांनी भिंग आणलं होतं. भणगे सर, मी आणि मालन समोर उभे होतो.

“बाई, अक्षर तुमचं?”

“हो.”

“हे खरवडलेलंही तुमचं?”

“हो. प्रवेशाच्या दिवशीच. सही राहिली.”

“शाई ताजी दिसते.”

“माझी शाई तशीच असते साहेब.”

“मी तुमची तीनशे पानं बघितली आत्ता. एक खाडाखोड नाही. नेमकी इथंच?”

“इथंच झाली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही क्रीडाशिक्षक. आणि बाईंचे पती. तुम्हाला काही सांगायचंय?”

मी म्हणालो, “नाही.”

ते परत मालनकडे वळले. मग म्हणाले, “बाई, या मुलीच्या जन्माचा दुसरा काही पुरावा? गावच्या जन्मनोंदीचा उतारा वगैरे? पत्रकाच्या मागच्या पानावर लिहिलंय, उतारा जोडला तर शाळेची तारीख बघत नाहीत. तो असता तर या रजिस्टरला कुणी हातही लावायची गरज नव्हती.”

“नाही,” मालन म्हणाली. “काही नाही.”

त्यांनी भिंग खिशात घातलं. हरकत फेटाळली गेली. ढाल शाळेत राहिली, अजूनही आहे. मालनच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा बसला. जनरल रजिस्टर तिच्याकडून काढून दुसऱ्या बाईंना दिलं. जूनमध्ये मोकाशी बाईंच्या जागी बाहेरची बाई आली, मालनपेक्षा सात वर्षांनी लहान. मालननं तिला पहिल्या दिवशी शाळा फिरवून दाखवली. उन्हाळ्यात रजिस्टर लिहायला बोलावणाऱ्या शाळांनी परत बोलावलं नाही. ती पहिलीची बाई म्हणून निवृत्त झाली. इतक्या वर्षांत तिनं त्या गोष्टीचा एकदाही उच्चार केला नाही, आणि मीही केला नाही. मनात मी एक वाक्य धरून ठेवलं होतं. दोघांनी मिळून पोरींसाठी केलं. वाईट वाटलं की मी ते म्हणायचो.

मालन गेल्या कार्तिकात गेली. बाराव्या दिवशी सोजर आली. भुसावळला रेल्वेत आहे, आता केस पांढरे झालेत. दारातून वाकून आत आली. फोटोपुढं बसली, बराच वेळ रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली,

“सर, माझं सगळं बाईंमुळं झालं. बाई तेव्हा माझ्या आजोळी गेल्या नसत्या तर मी खेळलेच नसते.”

“कुठं गेल्या?”

“आजोळी. अकोले तालुक्याच्या डोंगरात. आईचं पहिलं-दुसरं बाळंतपण माहेरीच झालेलं ना, माझी नोंद तिथं. बाई आईला घेऊन गेल्या. नाशिकच्या आधीचा गुरुवार. एसटी उतरून दोन कोस चालत. ग्रामसेवक नव्हता आला, म्हणून आजीकडं राहिल्या. शुक्रवारी दुपारी त्यानं उतारा लिहून दिला. आई परत आली आणि बाई तशाच नाशिकला आल्या. मला त्या वेळी सांगू नको म्हणाल्या होत्या, पोरीचं ध्यान खेळात राहू दे म्हणून.” ती थांबली. “तुम्हाला माहीतच असेल की.”

“काय तारीख होती?”

“अकरा सप्टेंबर एकाहत्तर. पोळ्यानंतरची. नंतर बाईंनी तो कागद आईला परत आणून दिला, जपून ठेव म्हणाल्या. अजून माझ्या फायलीत आहे. त्याच कागदावर खेळले ना मी?”

आत कुणीतरी भांडी आवरत होतं. मी म्हणालो, “नाही.”

“नाही?”

“तो कागद तिनं दाखवलाच नाही. तू खेळलीस ती रजिस्टरवर. रजिस्टर मी खरवडलं होतं. ती डोंगरात होती तेव्हा. मी एक जून लिहून मोकळा झालो होतो. तिचा कागद बाहेर आला असता तर दोन तारखा झाल्या असत्या आणि मी सापडलो असतो.”

हे मी पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. सोजर माझ्याकडे बघत होती.

“ती चौकशी झाली, ती त्याची?”

“त्याची.”

“आम्हाला वाटायचं बाईंचं काहीतरी शाळेचं आहे.” तिनं हिशेब लावला, तिच्या तोंडावर तो दिसत होता. “पण सर, मी तर खरंच बसत होते. तो कागद काढला असता तर आमचं काहीच गेलं नसतं. ढालबी नाही, रेल्वेबी नाही.”

“नाही गेलं.”

“फक्त तुम्ही.”

“फक्त मी.”

“मग बाई तुम्हाला काय म्हणाल्या?”

“पोरींसाठी गप्प बसा, म्हणाली.”

सोजर फोटोकडे वळली. तिचा हात गुडघ्यावर होता, तो तिनं उचलून मांडीवर घेतला.

“आणि तुम्ही बसलात,” ती म्हणाली.

“बसलो,” मी म्हणालो.